सफारी रॅलीचा इतिहास श्रोत्यांपुढे कसा मांडावा

नाशिकच्या एखाद्या वाचनालयात सफारी रॅलीवर, म्हणजे पूर्व आफ्रिकेतील मोटारींच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीवर, बोलायचे असल्यास विजेत्यांच्या यादीने सुरुवात करू नये. आधी नकाशा लावावा आणि १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकानिमित्त ही रॅली केनिया, युगांडा व टांगानिका (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या प्रदेशांतून कशी सुरू झाली, ते मार्गावर बोट ठेवून दाखवावे. सर्वाधिक वेळ मात्र रस्त्याला द्यावा. युरोपातील वेगाचे टप्पे वाहतूक बंद करून होत, तर येथे स्पर्धक कित्येक दशके चालू रस्त्यावरूनच धावत. म्हणूनच गाड्यांपुढे भक्कम लोखंडी दांड्या असत आणि पुढचा रस्ता मोकळा आहे का, हे पाहायला मोठे संघ हेलिकॉप्टर ठेवत. सुरगाण्याकडे जाताना वळणापलीकडे गुरे उभी पाहिलेल्यांना यातले अवघडपण लगेच उमगते.

त्यानंतर केनियाचे चालक जोगिंदर सिंग यांच्याकडे वळावे. १९६५ मध्ये त्यांनी बंधू जसवंत यांच्यासह जुनी, वापरलेली व्होल्वो चालवून रॅली जिंकून दाखवली. ही कथा घाईत उरकू नये. चालक शेखर मेहता यांच्या पाच विजयांपैकी १९७३ चा निवडावा, कारण तेव्हा पहिल्या दोघांचे दंडगुण (ज्याचे कमी, तो विजेता) समान होते. २०२१ मध्ये रॅलींच्या जागतिक अजिंक्यपद मालिकेत झालेल्या सफारीच्या पुनरागमनाला एक वाक्य पुरे.