शिंजिरांसाठी फुलझुडपे लावताना या चुका टाळा

शिंजिराला अनेकजण हमिंगबर्ड समजतात, पण हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. आपल्या बागेत मध प्यायला येतो तो शिंजीर म्हणजे सनबर्ड, आणि तो हवेत तरंगण्यापेक्षा फांदीवर बसून पिणे पसंत करतो. हमिंगबर्डचे परदेशी व्हिडिओ पाहून टांगत्या कुंड्यांत पिटुनिया लावणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच. शिंजिराला बसता येईल अशा काटक फांद्यांची झुडपे हवीत.

सर्वांत जास्त नुकसान अवेळी केलेल्या छाटणीने होते. धायटी या रानझुडपाला साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, मुख्यतः जुन्या फांद्यांवर, तांबड्या फुलांचे झुबके येतात. आमच्या सोसायटीत कुंपणालगत तिची चांगली वाढलेली रांग होती. दिवाळीपूर्वी सगळे नीटनेटके दिसावे म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी ती मोठ्या कात्रीने चौकोनी कापली. फेब्रुवारीत झुडपांवर कोवळ्या पालवीखेरीज काहीच नव्हते, तेव्हा धायटी शहरात फुलत नाही असा निष्कर्ष काढून सभासदांनी काही झुडपे उपटूनही टाकली. मी धायटीला फुले संपल्यावर, पावसाच्या तोंडावरच हात लावतो आणि जुन्यांपैकी थोड्याच फांद्या बुडातून काढतो. हमेलिया हे बागेतले फुलझुडूप; ती नव्या शेंड्यांवर फुलते, त्यामुळे ती छाटणी सोसते. तरीही सगळी झुडपे एकाच दिवशी कापू नयेत.

दुसरी चूक औषधांची. मावा दिसताच इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारणाऱ्यांना हे लक्षात येत नाही की हे औषध आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारे असून फुलांतील मधापर्यंत पोहोचते. शिवाय शिंजीर पिलांना किडे आणि कोळी भरवतात व लोंबते घरटे विणताना कोळ्याचे जाळे वापरतात, तेव्हा निर्जंतुक बाग त्यांच्या उपयोगाची नाही. मी माव्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारतो, आणि कोपऱ्यातली जाळी झाडत नाही.

भरगच्च पाकळ्यांच्या जास्वंदीत मधापर्यंत चोच नेणे अवघड जाते. एकेरी, साधी लाल जास्वंद लावावी. रंगीत साखरपाण्याच्या बाटल्या मला मुळीच पटत नाहीत, कारण आपल्या उन्हात ते पाणी लवकर आंबते. हमेलिया सावलीत लावून फुलांची वाट पाहू नये.

मुरुडशेंग या रानझुडपाच्या फुलांवर शिंजीर आवर्जून येतात, पण रोप लावून पहिल्याच वर्षी फुले मागणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी हमेलिया बरी.