‘मृतांच्या दिवसा’ची वेदी मुलांकडून करून घेताय? या चुका टाळा

मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी भेटायला येतात असं मानतात. पहिल्या दिवशी लहान मुलं, दुसऱ्या दिवशी मोठी. त्यांच्या स्वागताला घरात जी वेदी मांडतात ती ओफ्रेंदा. चित्रकलेच्या तासाला तीच बुटाच्या खोक्यात उभी राहते.

सगळ्यात मोठी चूक हॅलोविनशी गल्लत करण्याची. दिवस लागून येतात, सांगाडे दोन्हीकडे दिसतात, म्हणून खोक्यात वटवाघळं आणि रक्ताचे डाग शिरतात. ओफ्रेंदेत घाबरवायचं कुणालाच नसतं. तिथली कवटी हसते, फुलं माळते.

वर्गातल्या तीसही वेद्या सारख्या दिसल्या, तर त्या कुणासाठीच नाहीत असं समजा. कागद कापण्याआधी मुलाला विचारा: कुणासाठी? त्यांना काय आवडायचं? मग मातीची चिमुकली भाकरी येते, तपकिरीची डबी येते. गेलेल्या कुत्र्यासाठी केली तरी चालेल. मात्र ज्याच्या घरी नुकतंच कुणी गेलंय, त्याला आग्रह करू नका. तो मेक्सिकोची दिवंगत चित्रकार फ्रिदा काहलो हिच्यासाठी वेदी करू शकतो.

फोटो फक्त गेलेल्या माणसाचा लावायचा. ग्रुप फोटोतली हयात माणसं चालत नाहीत, त्यामुळे तेवढाच चेहरा कापून घ्या. आणि घरचा मूळ फोटो डिंकाने चिकटवू नका, झेरॉक्स वापरा.

जाळीदार पताका, म्हणजे पापेल पिकादो, फाटत असतील तर घड्या जास्त झाल्यात. मुलांच्या कात्रीला पतंगाच्या कागदाच्या तीन घड्या पुरेत. घडीची कड सलग कापली की पताकेचे तुकडे होतात. वरची दोन बोटं पट्टी दोऱ्यासाठी कोरी ठेवा.

साखरेची कवटी ढासळते ती पाण्यामुळे. कपभर साखर, छोटा चमचाभर मेरिंग पावडर (वाळवलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची भुकटी) आणि छोटा चमचाभरच पाणी घ्या. मूठ दाबल्यावर बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. साच्यातून काढून रात्रभर वाळू द्या. दमट हवेत जास्त वेळ लागतो. या पावडरीत अंडं असतं, पालकांना आधी कळवा.

झेंडू मात्र खराच आणा. हे फूल मूळचं मेक्सिकोचंच, आणि त्याच्या वासावरून आत्म्यांना वाट सापडते अशी तिथली श्रद्धा आहे. कागदाच्या फुलांनी रंग येतो, वास येत नाही. मेणबत्त्या बॅटरीवरच्याच, आजूबाजूला सगळा पातळ कागद असतो.