जिन्यातली गर्दी आणि माझा कूलर

मनीषनगरातल्या आमच्या सातमजली इमारतीचा मी सेक्रेटरी. मे महिन्यात घरोघरी कूलर-एसी एकदम चालतात, खालचा मीटरबॉक्स तापतो. म्हणून आग लागली तर बाहेर कसं पडायचं याची तालीम करायला एप्रिलच्या एका रविवारी सगळ्यांना जिन्यानं उतरवून पाहिलं. रांग अडली ती तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर, कारण तिथं माझाच गंजका कूलर उभा होता. सगळ्यांदेखत लाज गेली बावा!

तुम्ही करून पाहणार असाल तर आधी टेप घ्या. आमचा जिना 120 सेंटिमीटरचा. पण उतरताना माणूस थोडा डुलतो, भिंतीला घासून चालत नाही; दोन्हीकडचे साधारण 15-15 सेंटिमीटर कोणाच्या कामी येत नाहीत. उरले 90. त्यात दोघं खांद्याला खांदा लावून उतरत नाहीत, एक पायरी मागंपुढं राहतात. तिथं 60 सेंटिमीटरचा कूलर ठेवला, की एकामागं एकच.

खरी कटकट मजल्याच्या दाराशी. वरून येणारे म्हणतात रांग आमची, दारातले म्हणतात आम्ही आधीचे. दर मजल्यावर एकाला उभं करा: एक वरचा, एक दारातला, असं सोडायचं. वरच्यांनाच सोडत राहिलात तर दारातले आत कोंडतात, आणि आग नेमकी त्याच मजल्यावर असू शकते.

चौथ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघे दुखतात. “काकू, चला ना लवकर” म्हणून मागून रेटू नका. त्यांचा हात कठड्यावर, सोबत एक माणूस एक पायरी खाली. बाकीचे जागा दिसेल तसे पुढं निघतील. मोबाइल खिशात, पिशव्या घरात, लिफ्ट बंद. चाव्या विसरलो म्हणून उलटं वर चढणारा एकच माणूस अख्खी रांग थांबवतो. आमच्याकडे ते काम माझ्या मेव्हण्यानं केलं.

जिन्यात धूर असेल तर उतरूच नका. जिना धुराड्यासारखा ओढतो. घरात परत या, दार लावा, फटीत ओलं फडकं कोंबा, 101 लावा आणि बाल्कनीतून दिसत राहा. खाली पोचलेल्यांनी गेटात गप्पा मारू नयेत, बंबाला तिथूनच यायचं असतं.

कूलर त्याच दुपारी भंगारवाल्याला दिला. दुसऱ्या मजल्यावरची सायकल मात्र अजून तिथंच आहे, साखळी-कुलपासकट.