लांडग्याचं कायद्यातलं संरक्षण काढू पाहणाऱ्या दुरुस्तीवर हरकत कशी घ्यावी

लांडगा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कलम ६२ खाली 'उपद्रवी' (म्हणजे शिकारीला मोकळे) जाहीर करता येतात ते फक्त अनुसूची २ मधले प्राणी. म्हणून लक्ष कलम ६१ वर ठेवा. त्याखाली केंद्र सरकार नुसत्या अधिसूचनेने प्राणी एका अनुसूचीतून दुसरीत हलवू शकतं; त्यासाठी संसदेत विधेयक आणावं लागत नाही. ग्वाल्हेरात बसून फक्त संसदेच्या बातम्या वाचल्या तर हे निसटेल. आठवड्यातून एकदा ई-राजपत्रात पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचना पाहा.

विधेयक आलं आणि ते स्थायी समितीकडे गेलं, तर समिती जाहिरात देऊन निवेदनं मागवते. समितीकडे गेलंच नाही, तर आपल्या खासदाराला चर्चेच्या आधी गाठा, कारण दुरुस्ती सुचवायची तर त्यालाही आगाऊ नोटीस द्यावी लागते. वन्यजीव हा विषय समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्यही कायदा करू शकतं; केरळ विधानसभेने २०२५ मध्ये असं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं. मात्र केंद्राच्या कायद्याशी विसंगत तरतूद टिकायची तर राष्ट्रपतींची संमती लागते. म्हणजे भोपाळला विधेयक मंजूर झालं तरी दिल्लीत हरकत घ्यायला वाव उरतो.

हरकत दोन पानांत बसवा, हिंदीत किंवा इंग्रजीत. आधी कलम आणि पोटकलमाचा क्रमांक, मग आजचा मजकूर, प्रस्तावित मजकूर, त्याचा परिणाम आणि शेवटी तुम्ही सुचवता तो पर्यायी मजकूर. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. 'आमचा विरोध आहे' एवढ्यावर अधिकाऱ्याला काहीच करता येत नाही. तयार वाक्य हाती असेल तर ते उचलता येतं.

सर्वांत भक्कम मुद्दा कलम ११ चा. माणसाच्या जिवाला धोका असलेला अनुसूची १ मधला प्राणी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं देऊन त्याला मारायची परवानगी आजही देऊ शकतो. मग सरसकट सूट कशासाठी? त्यापाठोपाठ अधिवासाचं मांडा. देशात लांडगे सुमारे तीन हजारच उरलेत आणि बहुतेक अभयारण्यांबाहेर, माळरानात आणि बेहडात (नदीकाठच्या घळींत) राहतात. ही जमीन सरकारी दप्तरात बऱ्याचदा 'पडीक' असते, म्हणून तिथे कायद्याचं कवच गेलं की लांडग्याला दुसरा आसराच नाही.

मेंढपाळांना वगळून लिहू नका. शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात करेऱ्याचं सोनचिडिया (माळढोक) अभयारण्य रद्द झालं. जमिनीच्या खरेदी-विक्रीवरच्या बंधनांनी तिथले गावकरी वर्षानुवर्षं त्रासले होते. मारलेल्या शेळी-मेंढीची भरपाई ठरावीक दिवसांत मिळावी, ही मागणी हरकतीतच घाला आणि जमल्यास ग्रामसभेचा ठराव जोडा. मेंढपाळांचं नुकसान खरं आहे, आणि ते भरून निघाल्याशिवाय लांडगा वाचणार नाही.

एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एकच मुद्दा ठरतो. प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं. नाव-पत्ता आणि सही नसलेली पत्रं बाजूला पडतात. ईमेल करा, शिवाय ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागातल्या टपाल कचेरीतून स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पावती जपून ठेवा. पत्र मुदतीच्या आठवडाभर आधी निघायला हवं.

मुदत संपल्यावर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा: किती हरकती आल्या, आपल्या हरकतीवर फाइलमध्ये काय शेरा लिहिला. उत्तर ३० दिवसांत यायला हवं; न आल्यास प्रथम अपील करा.