पहिला स्वस्त डीएसएलआर: काय आहे यापेक्षा काय गाळलंय ते बघा

स्वस्त डीएसएलआरच्या (आतल्या आरशामुळे डोळ्याला लेन्समधलं दृश्य दाखवणाऱ्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) जाहिराती एकमेकींशेजारी ठेवल्या तर सगळ्या सारख्याच वाटतात. २४ मेगापिक्सेल, मोठा सेन्सर, १८-५५ची लेन्स, बहुतेकांत वायफाय. यावरून निवड होत नाही. किंमत खाली आणण्यासाठी कंपनीने त्या बॉडीतून (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातून) नेमकं काय काढून टाकलंय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर खोक्यावर छापलेलं नसतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फोकसच्या मोटरवरून. निकॉनच्या डी३xxx आणि डी५xxx मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. त्यामुळे सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळणारी ५० मिमी एफ/१.८डी या बॉडींवर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस होत नाही. नावात ‘एएफ-एस’ असलेली लेन्स चालते. ‘एएफ-पी’ लेन्सची गोष्ट उलटी. ती नव्या बॉडींसाठी बनवलेली आहे. डी३४००, डी३५००, डी५६०० यांवर ती उत्तम आणि जवळपास आवाज न करता चालते, डी३३०० आणि डी५३००ला आधी फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट करावं लागतं, आणि डी३१००, डी३२००, डी९०, डी७००० यांवर तिचा फोकस होतच नाही. म्हणून बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेणार असाल, तर ही जोडी आधी जुळवून बघा.

कॅननमध्ये लेन्सचा हा घोळ नाही, ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही लेन्स क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) बॉडीवर चालतात. तिथे काटछाट दुसरीकडे आहे. १५००डी (काही देशांत २०००डी), ३०००डी (म्हणजेच ४०००डी) आणि २००डीची दुसरी आवृत्ती यांच्या हॉटशूमधला (वरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेतला) मधला गोल संपर्कबिंदू काढून टाकलेला आहे. याचा परिणाम असा की एकच संपर्क वापरणारे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि दूरचा फ्लॅश पेटवणारे स्वस्त ट्रिगर त्यांच्यावर पेटत नाहीत. पुढे पोर्ट्रेट किंवा वस्तूंचे फोटो फ्लॅश लावून काढायचे असतील, तर २०१७ची पहिली २००डी जास्त कामाची, तिच्यात तो बिंदू आहे. ३०००डीचा लेन्स माउंटही धातूचा नसून प्लॅस्टिकचा आहे आणि सेन्सर १८ मेगापिक्सेलचा. एवढी काटछाट झालेली बॉडी नवी असली तरी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बाकीच्या गोष्टी तुमच्या वापरावर ठरतात. डी३४०० आणि डी३५००मध्ये बाहेरचा माइक जोडायची सोय नाही, जी आधीच्या डी३३००मध्ये होती. सेन्सरवरची धूळ झटकणारी यंत्रणाही या दोघींमध्ये नाही. व्हिडिओ काढायचा असेल किंवा मागच्या स्क्रीनकडे बघून फोटो काढायची सवय असेल, तर कॅननची ७०डी, ८०डी किंवा २००डी बघा. त्यांच्यात सेन्सरवरूनच फोकस धरणारी ड्युअल पिक्सेल यंत्रणा आहे. १५००डीमध्ये ती नाही, आणि त्याच वर्गातल्या निकॉनच्या बॉडी लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवर बघून फोटो काढताना) फोकस पुढे-मागे शोधत बसतात. हलणारं मूल तोवर चौकटीबाहेर गेलेलं असतं.

व्ह्यूफाइंडर मात्र सगळ्यांसाठीच महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी तपासत नाही. स्वस्त बॉडीत काचेच्या प्रिझमऐवजी आरसे असतात, त्यामुळे चित्र लहान आणि अंधुक दिसतं. शिवाय फोटोत येणाऱ्या दृश्याचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो, म्हणून कडेला न दिसलेली विजेची तार नंतर फोटोत उगवते. चष्मा असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारी डायॉप्टरचं छोटं चाक आहे का ते बघा. ते फिरवून आतले आकडे स्वच्छ दिसेपर्यंत जुळवायचं, समोरचं दृश्य स्वच्छ दिसेपर्यंत नव्हे.

आता नवी की सेकंडहँड? बड्या कंपन्यांनी आपला भर मिररलेसकडे (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे) वळवल्यापासून सुरुवातीच्या पातळीवरच्या नव्या डीएसएलआर बॉडी फारशा येत नाहीत, त्यामुळे स्वस्तातला चांगला पर्याय बहुधा वापरलेलाच असतो. आमचा कल नव्या प्राथमिक बॉडीपेक्षा मधल्या फळीतल्या वापरलेल्या बॉडीकडे आहे. निकॉन डी७२०० (२०१५) किंवा कॅनन ८०डी (२०१६) घेतली तर दोन डायल, जवळपास शंभर टक्के दृश्य दाखवणारा प्रिझमचा व्ह्यूफाइंडर आणि फोकसची बारीक दुरुस्ती करण्याची सोय मिळते. डी७२००मध्ये फोकसची मोटरही आहे. दोन डायलचं महत्त्व कागदावर कळत नाही. एका बोटाने लेन्समधलं उजेडाचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर आणि दुसऱ्याने शटरचा वेग बदलता आला की मॅन्युअल मोड शिकणं सोपं होतं. एकाच डायलवर बटण दाबून ठेवत ते करावं लागलं, तर बहुतेक लोक पुन्हा ऑटोवर जातात. वजन मात्र मोजून घ्या. बॅटरी आणि कार्डासह डी३५०० सुमारे ४१५ ग्रॅम भरते, डी७२०० सुमारे ७६५. जड म्हणून घरी राहणारा कॅमेरा काहीच शिकवत नाही.

वापरलेली बॉडी बघायला जाताना कार्ड-रीडर असलेला, चार्ज केलेला लॅपटॉप, एक टॉर्च आणि स्वतःचं एसडी कार्ड न्या. चाचण्या दिवसाच्या उजेडातच करा.

आधी शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले गेले तो आकडा. या वर्गातल्या बॉडींचं शटर साधारण १ लाख ते दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. त्यानंतर ते लगेच मोडतं असं नाही, पण किंमत ठरवताना हा आकडा हवा. निकॉनमध्ये तो मूळ जेपीईजी फाइलच्या एक्झिफ माहितीत (फोटोसोबत साठवलेल्या तपशिलांत) नोंदलेला असतो. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती माहिती पुसली जाते, म्हणून फाइल कार्डावरूनच घ्या. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये लिहिलेला नसतो, यूएसबीने जोडून सॉफ्टवेअरमधून वाचावा लागतो. फाइलच्या नावातल्या क्रमांकावर अजिबात जाऊ नका, तो ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीपासून मोजायला लागतो.

मग शटर १/४००० सेकंदावर ठेवून एकसारख्या उजेडातल्या भिंतीचे सलग दहा-बारा फोटो काढा. एका बाजूला काळी पट्टी किंवा उजेडाचा फरक दिसला, तर शटरचे पडदे एका गतीने धावत नाहीत. ही चाचणी ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली केली तर दिव्याच्या लुकलुकण्यानेही पट्टे येतात आणि चांगला कॅमेरा नाकारला जातो.

सेन्सरसाठी अ‍ॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ करा, लेन्स मॅन्युअलवर टाकून मुद्दाम फोकस बिघडवा आणि पांढऱ्या कागदाचा फोटो काढा. दिसणारे करडे गोल ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. सरळ रेघ म्हणजे ओरखडा असू शकतो, तिथे थांबा. लेन्सवर झाकण लावून आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील आहे तो आकडा) ४०० आणि १० सेकंदांचा फोटो काढला की जळके पिक्सेल दिसतात. एखाददुसरा चालतो. व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा कचरा फोटोत येत नाही, त्यासाठी भाव पाडून मागा, पण आरसा कापडाने पुसू नका. त्याचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि सहज ओरखडतो.

फोकसची चाचणी सर्वात महत्त्वाची. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवा, लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, छापील कागदावर मधल्या बिंदूने व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो काढा. मग तोच फोटो लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून काढा. दुसरा टोकदार आणि पहिला मऊ आला, तर आरशामागून फोकस सेन्सरकडे जाणारा मार्ग सरकलेला आहे. डी७२०० किंवा ८०डीमध्ये हा फरक मेनूतून काही प्रमाणात सुधारता येतो, डी३५००, डी५६०० किंवा १५००डीमध्ये ती सोय नाही आणि सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नाही.

लेन्स काढून मागून टॉर्च मारा. कॅननची लेन्स काढल्यावर उघडीच राहते, निकॉनची बंद असते, तिची मागची बारीक खटकी बोटाने सरकवून पाती उघडावी लागतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे फंगस, ती लेन्स सोडून द्या. दुधाळ धुकं दिसलं तरी नको, त्याने कॉन्ट्रास्ट मरतो. चार-दोन धुळीचे कण निरुपद्रवी. शेवटी बॅटरी फुगली आहे का, स्क्रूंवर गंज आहे का, ट्रायपॉडच्या आट्यांशेजारी तडा आहे का ते बघा, आणि तळाचा अनुक्रमांक बिलाशी ताडून घ्या.

पैशांची वाटणी करताना निम्म्याहून जास्त रक्कम बॉडीत घालू नका. किट लेन्स (बॉडीसोबत येणारी १८-५५) घ्याच, पण कंपनरोधक आवृत्ती घ्या: कॅननवर नावात ‘आयएस’, निकॉनवर ‘व्हीआर’ असतं. ही अक्षरं नसलेली स्वस्त आवृत्तीही १८-५५ म्हणूनच विकली जाते. दुसरी लेन्स म्हणून एफ/१.८ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स. किट लेन्सच्या ५५ मिमी टोकाला एफ/५.६ मिळतो, त्याच्या तुलनेत एफ/१.८ला सुमारे १० पट उजेड आत येतो, म्हणजे आयएसओ ३२००च्या जागी ४००च्याही खाली काम भागतं. निकॉनवर ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स घरातल्या वापरासाठी नेमकी बसते. कॅननवर बहुतेक जण ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घेतात. ती चेहऱ्यांसाठी छान आहे, पण क्रॉप सेन्सरवर तिचं दृश्य ८० मिमीसारखं अरुंद होतं आणि लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते. पुढे मिररलेस घेतलात तर या लेन्स अडॅप्टरवर चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नसल्यामुळे डी प्रकारच्या जुन्या लेन्स मात्र तिथेही हातानेच फोकस कराव्या लागतात.

फिल्टर, पिशवी आणि लटपटता ट्रायपॉड असलेली पॅकेजं टाळा. सुरुवातीला दोन ३२ जीबी कार्डं (प्रत्येकात २४ मेगापिक्सेलच्या साधारण हजार रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल मावतात), एक मूळ कंपनीची जादा बॅटरी आणि हवेचा रबरी फुगा पुरे. घरी आणल्यावर कॅमेरा बंद पिशवीत महिनोन्महिने ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला की फंगस वाढत नाही. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करायचे आणि पुन्हा डब्यात टाकायचे.