ऑल-इन-वन इंकजेट प्रिंटर घेताय? आधी स्कॅनर बघा, आणि या चुका टाळा

घरासाठी किंवा छोट्या ऑफिससाठी प्रिंटर घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न "केवढ्याला?" आणि दुसरा "एका पानाला किती पडतात?", बस्स. स्कॅनरबद्दल कोणी काही विचारतच नाही, तो वरच्या झाकणाखाली असतोच असं सगळे धरून चालतात. मग मशीन घरी आलं की लक्षात येतं, प्रिंट महिन्याला पाच-दहा पण स्कॅन मात्र सारखं लागतं, मुलांच्या मार्कशीट, जातीचा दाखला, भाडेकरार, मेडिक्लेमची बिलं, आजोबांचे जुने फोटो. माझं ठाम मत आहे की आधी स्कॅनर बघायचा, मग शाई कशी भरायची ते बघायचं आणि किंमत सगळ्यात शेवटी. बहुतेक जण बरोबर उलटं करतात आणि मग वर्षभर कुढत बसतात.

"कार्ट्रिजवाला स्वस्त घेऊ, रिफिल करत राहू"

एचपीच्या ८०३ किंवा कॅननच्या ७४५-७४६ असल्या कार्ट्रिजवर चालणारे प्रिंटर स्वस्तात मिळतात आणि त्या कार्ट्रिज सिरिंजने भरताही येतात, त्यात खोटं काही नाही. पण या कार्ट्रिजमध्ये शाईचा स्पंज आणि प्रिंट हेड एकत्रच असतं आणि ते हेड थर्मल असतं, म्हणजे शाई तापवून तिचा बुडबुडा करून थेंब बाहेर फेकतं. शाई पूर्ण संपल्यावरही तुम्ही प्रिंट देत राहिलात की नोझल, म्हणजे शाई फेकणारी बारीक छिद्रं, कोरडीच तापतात आणि जळतात, मग कितीही रिफिल करा, पांढरे पट्टे जात नाहीत. त्यामुळे रंग फिका पडायला लागला की लगेच भरायचं, "अजून दोन पानं निघतील" करत बसायचं नाही.

भरताना वरचं स्टिकर सोलायचं, खाली बारीक भोकं दिसतात, रंगीत कार्ट्रिजला तीन. कुठल्या भोकात कुठला रंग आहे हे अंदाजाने ठरवू नका, तिन्हींसाठी वेगवेगळ्या टूथपिक घेऊन आत बुडवून बघा. मग सुई स्पंजमध्ये घालून हळूहळू, अगदी दोन-तीन मिली, भोकाशी शाई दिसली की थांबायचं. जास्त झालं तर खालून गळते, शेजारचे रंग एकमेकांत जातात आणि पिवळा हिरवट यायला लागतो. खाली टिश्यू टेकवून तीन रंगांचे तीन स्वच्छ पट्टे उमटले तरच कार्ट्रिज आत बसवा. भरल्यावरही प्रिंटर "शाई संपली" म्हणतच राहतो कारण तो शाई बघत नाही, आपला हिशोब मोजतो. कॅननच्या बऱ्याच पिक्स्मा मॉडेल्सवर स्टॉपचं बटण पाचेक सेकंद दाबून धरलं की तो इशारा बंद होतो.

हे सगळं महिन्याला वीस-पंचवीस पानांसाठी ठीक आहे, त्यापुढे सरळ इंकटँक, म्हणजे बाटलीतून शाई ओतायच्या टाक्या असलेला प्रिंटर घ्या. आणि महिनोन्महिने एकही प्रिंट निघत नसेल तर इंकजेटच घेऊ नका, शाई वाळते, साधा काळा-पांढरा लेझर ऑल-इन-वन बरा. दुकानदार हे सांगणार नाही म्हणून मी सांगतोय.

काळी शाई कुठली, हे न विचारणं

ही चूक जवळपास सगळे करतात. टँकमध्ये काळी शाई दोन प्रकारची येते, डाय (विरघळलेला रंग) आणि पिगमेंट (रंगाचे बारीक कण). एप्सनच्या एल३११०, एल३१५० या मॉडेल्सना लागणारी ००३ शाई चारही रंगांत डाय आहे, तर कॅननची जीआय-७९०, एचपीची जीटी५३, ब्रदरची बीटीडी६० आणि एप्सनचीच ००१, यांतला काळा पिगमेंट आहे. डायवाल्या कागदावर पावसाचे दोन थेंब पडले किंवा हायलायटर फिरवला की अक्षर पसरतं, पिगमेंट बऱ्यापैकी टिकतं. कुरियरची लेबलं, कोर्टाची कागदपत्रं, कॉलेजचे सबमिशन असलं काम असेल तर पिगमेंट काळा बघूनच घ्या. फोटोच जास्त काढणार असाल तर ग्लॉसी पेपरवर डाय छान दिसते, तिथे उलट हिशोब. मात्र एकाची शाई दुसऱ्यात ओतायची नाही, काळी म्हणजे काळी असं नसतं, डायच्या मशीनमध्ये पिगमेंट गेली की हेड चोक होण्याची चांगलीच शक्यता.

बॉक्सवर "४५०० काळी, ७५०० रंगीत पानं" असं लिहिलेलं असतं ना, ते ठरलेल्या टेस्ट पानांवरचं आहे, पूर्ण पानभर फोटो काढले तर त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय पहिल्या भरतीत बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते, पहिल्या बाटल्या लवकर संपल्या म्हणून घाबरू नका.

आता स्कॅनर

बॉक्सवरचा डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपतो त्याचा, मोठा आकडा बघून भुलू नका. ९६००, १९२०० असले आकडे सॉफ्टवेअरने फुगवलेले असतात, तुम्हाला हवा "ऑप्टिकल" आकडा, तो ६०० गुणिले १२०० किंवा १२०० गुणिले २४०० असा असतो आणि त्यातला पहिला, लहान आकडाच खरा धरायचा. ६०० सुद्धा घरच्या कामाला भरपूर आहे. कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतं, ऑनलाइन फॉर्मला लावायच्या कागदांना २०० चालतं. चार बाय सहाचा जुना फोटो ६०० वर स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात, त्यातून दुप्पट मोठी प्रिंटही चांगली निघते. सगळंच ६०० वर ठेवायची सवय मात्र नको, ए४ रंगीत पान ३०० वर कच्चं, म्हणजे फाइल न दाबता, साधारण २५ एमबी होतं आणि ६०० वर १०० एमबीच्या पुढे, कॉम्प्युटर घोंगावतो आणि फॉर्म भरताना परत फाइल लहान करत बसावं लागतं. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मलाच बघा, फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी मागतात, तिथे कसला ६०० डीपीआय.

दुसरं, आतला सेन्सर. या रेंजमधल्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये सीआयएस सेन्सर असतो, बारीक आणि वीज कमी खाणारा, पण काचेला अगदी चिकटलेलंच त्याला स्पष्ट दिसतं. जाड पुस्तक पालथं घातलं की शिवणीजवळचं अक्षर काळपट आणि धुरकट येतं, लॅमिनेट केलेलं वाकडं प्रमाणपत्रही तसंच. सीसीडी सेन्सरला खोली जास्त दिसते, पण तो स्वस्त ऑल-इन-वनमध्ये आता मिळणं कठीण. तुमचं काम जुनी बाइंड केलेली पुस्तकं, दिवाळी अंक, खानदानी वह्या असलं असेल तर प्रिंटर साधा घ्या आणि सीसीडीचा फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर, वेगळा घ्या, एकाच मशीनकडून दोन्हीची अपेक्षा धरू नका. निगेटिव्ह तर या मशीनवर होतच नाही, त्याला झाकणात वेगळा दिवा लागतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महागात पडते. साध्या फ्लॅटबेडची काच ए४ ची, म्हणजे लांबी २९७ मिमी. आपला स्टॅम्प पेपर, करारनामे, वकिलाकडचे कागद लीगल साइझचे, ३५६ मिमी. जवळपास सहा सेंटिमीटर बाहेर राहतं, आणि त्या खालच्या सहा सेंटिमीटरातच सह्या, शिक्के, साक्षीदारांची नावं असतात! मग दोनदा स्कॅन करून जोडत बसायचं, आणि जोडलेला कागद बँकवाला परत करतो. असे कागद वारंवार येत असतील तर एडीएफ म्हणजे वरून कागद ओढणारा फीडर असलेलं मॉडेल घ्या आणि तो लीगल घेतो का हे स्पेसिफिकेशनमध्ये वाचून घ्या.

एडीएफ घेतलात की सहा महिन्यांनी हमखास एक तक्रार येते, स्कॅनवर वरपासून खालपर्यंत एक सरळ बारीक काळी रेघ. लोक मशीन खराब झालं म्हणून सर्व्हिस सेंटरला नेतात. आधी तेच पान मोठ्या काचेवर ठेवून स्कॅन करा. तिथे रेघ नाही आणि फीडरमधूनच येते, तर मोठ्या काचेच्या बाजूला जी बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते तिच्यावर व्हाइटनर, गोंद किंवा पेनाच्या शाईचा एखादा कण बसलेला आहे. कागद त्याच्यावरून सरकतो म्हणून एका कणाची पानभर रेघ होते. मऊ कापडाला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा, काचेवर थेट फवारू नका, कडेतून आत जातं. आणि जीर्ण कागद, पिनांचे कागद फीडरमध्ये घालूच नका, एकदा फाटला की गेला.

शाई संपली तर स्कॅन होतं का, हेही विचारून घ्या. ऐकायला विचित्र वाटतं, पण काही मशीन कार्ट्रिज रिकामी असली की स्कॅनही करू देत नाहीत, अमेरिकेत २०२१ मध्ये याच कारणावरून कॅननवर ग्राहकांच्या वतीने दावा झाला होता.

वायफायवरून स्कॅन होत नाही ही रड बहुतेक वेळा सेन्सरची नसून नेटवर्कची असते. स्वस्तातले बरेच प्रिंटर वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा बँड पकडतात, राउटरवर तो बंद असेल किंवा प्रिंटर गेस्ट नेटवर्कवर असेल तर फोनला तो सापडणारच नाही. आधी यूएसबी केबल लावून स्कॅन करून बघा, झालं तर मशीन ठीक आहे. कंपनीचं सॉफ्टवेअर जड वाटलं तर नॅप्स२ हे फुकट सॉफ्टवेअर वापरा, पानं मागेपुढे करून एकच पीडीएफ होते आणि मराठी अक्षरओळखही जोडता येते, फक्त स्कॅन ३०० डीपीआयवर हवं, त्याखाली काना-मात्रा गळतात.

घरी आणल्यावर

भिंतीवरच्या स्विचने प्रिंटर बंद करणं ही आपल्याकडची फार जुनी खोड. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हेड जागेवर जाऊन रबरी टोपीवर बसतं, नाहीतर ते उघडं राहतं आणि शाई वाळते. आठवड्याला चारही रंग असलेलं एक पान काढा. तरी पट्टे आलेच तर प्रिंटरच्या मेनूतलं हेड क्लीनिंग दोन-तीनदा करून थांबा, एप्सनचंच सांगणं आहे की मग किमान बारा तास तसंच ठेवा, लागोपाठ दहा वेळा केलंत तर शाई संपते आणि ती जाते कुठे, तर आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत. तो पॅड भरला की प्रिंटर काम बंद करतो. मोबाइलवर रीसेटची ट्रिक सांगणारे व्हिडिओ खूप आहेत, पण पॅड किती भरला ते मोजणारा काउंटर नुसता शून्य केला आणि पॅड तसाच ठेवला तर शाई टेबलावर उतरते. घेतानाच ही वाया गेलेली शाई साठवणारा, घरच्या घरी बदलता येणारा मेंटेनन्स बॉक्स असलेलं मॉडेल बघा, उदाहरणार्थ कॅननच्या जी२०२०, जी३०२० मध्ये तो वेगळा मिळतो आणि हेडही स्वतःला बदलता येतं.

टाकीतली शाई खालच्या रेघेच्या खाली जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते आणि ती काढताना पुन्हा शाईच जाते. बऱ्याच मॉडेल्समध्ये टाकीत सेन्सर नसतो, स्क्रीनवर काय दिसतंय ते सोडा, डोळ्यांनी बघा.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, कागदाचं रिम उघडं ठेवू नका, सादळलेला कागद दोन-दोन ओढला जातो नाहीतर अडकतो, ट्रेमध्ये लागेल तेवढाच ठेवा. घर बदलताना टँकचा प्रिंटर आडवा-तिरका करायचा नाही, टाक्यांची झाकणं घट्ट लावून उभाच न्यायचा, आणि जुन्या एप्सनला बाजूला शाईची वाट बंद करणारा ट्रान्सपोर्ट लॉक असतो तो फिरवून न्यायचा, नव्या जागी परत उघडायला विसरलात तर शाई हेडपर्यंत पोचतच नाही आणि कोरी पानं बाहेर येतात.