अशनीतले गोल थेंब अभ्यासताना या चुका टाळा

दगडी अशनीचा कापलेला तुकडा भिंगाखाली धरला, की राखाडी दगडात मोहरीएवढे, कधी त्याहूनही बारीक गोल मणी दिसतात. हे कॉन्ड्रूल, म्हणजे वितळलेल्या सिलिकेटचे (सिलिकॉन-ऑक्सिजनयुक्त खनिजांचे) थिजलेले थेंब. ग्रह कसे घडले याचा इतका जवळचा पुरावा क्वचितच हाती लागतो, म्हणून तो नीट वाचायला हवा.

हे थेंब पृथ्वीच्या वातावरणात बनले, हा पहिला गैरसमज. वातावरणात वितळते ती फक्त बाहेरची काळी साल, तीही साधारण मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. आतल्या दगडाला ती धग पोचत नाही.

गोल दिसलं की कॉन्ड्रूल, असंही नाही. काही चुनखडकांत गोल कण असतात, पण ते कॅल्साइटचे आणि थराथरांचे. धातू गाळणाऱ्या भट्टीच्या मळीत बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. उलट, मणी दिसले नाहीत म्हणून दगड फेकूनही देऊ नका. कॉन्ड्राइट म्हणजे असे मणी असलेल्या गटातले दगडी अशनी. त्यांतल्या प्रकार ६ मध्ये, म्हणजे खूप तापलेल्या प्रकारात, मूळ लघुग्रहाच्या उष्णतेनं त्यांच्या कडा पुसट झालेल्या असतात, आणि कॉन्ड्राइटच्याच सीआय नावाच्या गटात ते जवळपास नसतातच. शंका असेल तर ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप ध्रुवीकृत प्रकाशात पाहा. पट्टेदार कॉन्ड्रूलमध्ये ऑलिव्हिन या खनिजाच्या समांतर पट्ट्या आणि मधे काच दिसते. काप फिरवला की त्या पट्ट्या बहुधा एकदमच काळ्या होतात, कारण तो सगळा एकच स्फटिक असतो. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र क्रमाची. आधी धूळ, मग थेंब, मग ग्रह अशी सरळ रेघ अनेक लेखांत सापडते. पण सूर्यमालेतले सर्वांत जुने घन कण, म्हणजे कॅल्शियम-ॲल्युमिनियमयुक्त कण, ४५६.७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सारी अणूच्या क्षयावर चालणाऱ्या घड्याळानुसार बहुतेक कॉन्ड्रूल त्यानंतर २० ते ३० लाख वर्षांनी बनले. बऱ्याच लोखंडी अशनींचे मूळ पिंड तर पहिल्या दहा लाख वर्षांतच तयार होऊन वितळलेही होते. म्हणजे थेंब थिजत होते तेव्हा लघुग्रह आधीच फिरत होते. शिशाच्या समस्थानिकांवरून काही कॉन्ड्रूल थेट पहिल्या कणांइतके जुने निघतात आणि हा वाद अजून मिटलेला नाही. म्हणून कोणतं घड्याळ वापरलं हे लिहिल्याशिवाय वय सांगूच नका.

वय सुटलं तरी कारण सुटत नाही. मोकळ्या अवकाशात असा थेंब काही सेकंदांत थिजला असता. प्रयोगशाळेत तसेच स्फटिक मिळवायला बहुतेक प्रकारांत तास, कधी दिवस लागतात. शिवाय १९४० साली मध्य प्रदेशात पडलेल्या सेमरकोना अशनीच्या कॉन्ड्रूलमध्ये सहज उडून जाणारं सोडियम टिकून आहे. म्हणजे थेंब एकटे नव्हते, दाट गर्दीत होते. ही गर्दी वायूतल्या आघातलहरींनी (अचानक दाब वाढवणाऱ्या लाटांनी) झाली की लघुग्रहांच्या टकरींनी? २०२५ मध्ये जपान आणि इटलीतल्या संशोधकांनी टकरींची बाजू मांडली: गुरू वाढताना त्याच्या ओढीनं लघुग्रह एकमेकांवर आदळले, त्यांच्यातल्या पाण्याची वाफ फुटून बाहेर पडली आणि वितळलेला खडक थेंबाथेंबांत विखुरला. त्यावरून त्यांनी गुरूचा जन्म पहिल्या कणांनंतर १८ लाख वर्षांनी मांडला.

हे उत्तर सगळ्याच कॉन्ड्रूलना लावू नका. नायजेरियात पडलेल्या गुज्बा अशनीतले थेंब पहिल्या कणांनंतर जवळपास ५० लाख वर्षांनी, एका वेगळ्याच टकरीच्या वाफेतून थिजलेले दिसतात.